आर्वी तालुक्यातली मार्क टू : एका ॲम्बेसेडरचं प्रकरण

गाडी १९६८ सालची, हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर मार्क टू, पेट्रोल. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, कापूस-सोयाबीनची शेती असलेल्या एका घरी ती वीसेक वर्षं एका जागी उभी होती. आता ती चालते. तिच्यावर छापलेला इंजिन नंबर जुन्या आरसी पुस्तिकेतल्या नंबराशी जुळतो, आणि याच एका गोष्टीमुळे मी या कामात पडलो. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पेट्रोलच्या ॲम्बेसेडर पुष्कळ होत्या, पण डिझेल स्वस्त म्हणून बहुतेकांच्या पोटात पुढे मॅटाडोरचं नाही तर दुसरं कुठलं तरी डिझेल इंजिन गेलं. मूळ इंजिनासकट राहिलेली मार्क टू खेड्यात सापडणं दुर्मिळ.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. बंद गाडी चालू करण्याची प्रकरणं भरपूर पाहिली. ॲम्बेसेडर चालू करणं तसं अवघड नाही. हे इंजिन आपल्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री उघडू शकतो. इथे नोंदवण्यासारखं आहे ते वेगळं: काय काय बदलायचं नाही हे कसं ठरलं, आणि कुठे तरीही बदलावं लागलं.

आधी गाडीविषयी थोडं. ॲम्बेसेडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५७ पासून बनू लागली, १९६३ मध्ये मार्क टू आली, १९७५ मध्ये मार्क थ्री. उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मार्क टू ओळखायची ती समोरच्या बारीक चौकड्यांच्या जाळीवरून. इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिजचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग बाकासारखी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे स्प्रिंगऐवजी पीळ खाणारी दांडी (टॉर्शन बार), मागे पाटे. सेल्फ बसला तर समोरून हँडल मारून चालू करायची सोय.

घरातले आबा सांगतात, ही गाडी त्यांच्या वडिलांनी घेतली तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी १९७२ ची. ही गाडी त्याच्या आधीची, जिनिंगवाल्याला विकलेल्या कापसाच्या पैशातली. नव्वदच्या दशकात घरी कमांडर जीप आली, शेतीच्या कामाला तीच सोयीची पडू लागली आणि ॲम्बेसेडर कोठ्यात गेली.

कोठ्यातली वर्षं

कोठा म्हणजे गुरांचा. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला सरकी-ढेपेची पोती, मधात गाडी. वर कवेलूचं छप्पर, तेही दोन जागी गळकं. गंज कुठे आणि किती आहे हे पाहिलं तेव्हा या जागेचा नकाशाच गाडीवर उमटलेला दिसला. बैलांकडच्या बाजूला खालचा पत्रा पार कुजलेला, कारण शेण-मुताचा ओलावा आणि त्यातले क्षार वर्षानुवर्षं उडत राहिले. ढेपेकडच्या बाजूला पत्रा बरा, पण ढेपेमागे उंदीर आले आणि उंदरांनी वायरिंग, सीटच्या आतला काथ्या, छताचं अस्तर सगळं खाल्लं. छप्पर गळायचं तिथे, डिकीच्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या खळग्याला आरपार भोकं.

टप, बॉनेट आणि चारही दारं मात्र ठणठणीत होती. त्या काळचा पत्रा जाड, हे नुसतं म्हणायला नाही. बोटाच्या टिचकीने आवाजातला फरक कळतो.

घरात मतं तीन होती. पुण्याला असणाऱ्या धाकट्या भावाचं म्हणणं, आता एवढा खर्च करतोच आहोत तर १८०० आयएसझेडचं इसुझू इंजिन टाकू, पाच गिअरचा फ्लोअर शिफ्ट येतो, एसीही बसतो. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. ते १८१७ सीसीचं इंजिन ॲम्बेसेडरमध्येच कारखान्याने बसवलं होतं, त्यामुळे जोडकाम सोपं, आणि मे महिन्यात आर्वी-वर्धा रस्त्यावर एसी नसलेल्या गाडीत बसणं काय असतं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. नातवाला गाडी लग्नाच्या वरातीसाठी पांढरीशुभ्र, मेटॅलिक हवी होती. आबांचं एकच वाक्य: "माह्या बापानं आणली होती तशी पाह्यजे. नाही होत असन त राहू द्या तिथंच."

थोरले भाऊ, ज्यांच्या खिशातून पैसा जाणार होता, त्यांनी मला विचारलं. मी त्यांना एक चाचणी सुचवली. प्रत्येक बदलाआधी विचारायचं की हे उद्या कोणाला परत उलटं करता येईल का. रिले (दिव्यांचा भार सोसणारा विजेचा स्विच) लपवून बसवला तर उलटं करता येतं. इंजिनाचे माउंटिंग कापले, टनेलमध्ये (गिअरबॉक्सवरच्या फ्लोअरच्या उंचवट्यात) गिअरसाठी भोक पाडलं, तर येत नाही. दुसरी अट आबांच्या वाक्यातून निघाली होती: गाडी चालली पाहिजे, शोकेसमध्ये ठेवायची नाही. ब्रेक, पेट्रोलची लाइन, टायर यांत जुनेपणाचा हट्ट नको. इसुझूचा विषय तिथेच संपला. रंगाचा वाद पुढे बराच चालला.

पत्रा

खरं काम इथे होतं, आणि खर्चाचा मोठा भागही इथेच गेला. ॲम्बेसेडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. दारांच्या खाली दोन्ही बाजूंना पत्र्याचा जो पोकळ बॉक्स जातो तो शोभेचा नाही, गाडीचं सगळं वजन तोलण्यात त्याचा वाटा आहे. बैलांकडच्या बाजूचा हा बॉक्स वरून रंगवलेला, चांगला दिसणारा. पेचकस टेकवला तर आत गेला. कोणीतरी पूर्वी त्यावर पुट्टी भरून वरून काळा रंग मारला होता.

पुलगावचे डेंटिंगवाले मिस्त्री गाडीखाली बराच वेळ पडून राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाऊ, दोन्ही बाजू एकदम कापल्या त गाडी मधातून बसन. मंग दरवाजे लावत बसा जिंदगीभर."

त्यांनी केलेली पद्धत मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवी होती असं वाटत राहिलं. गाडी जॅकवर न घेता चाकांवरच, सपाट फरशीवर उभी ठेवली, म्हणजे वजन नेहमीच्या जागीच पडेल. दारं काढण्याआधी प्रत्येक दाराच्या फटीतून हॅक्सॉचं पातं फिरवलं आणि जिथे ते अडकलं तिथे खडूची खूण केली. मग दाराच्या चौकटीत आतून आडवे-तिरपे अँगल तात्पुरते वेल्ड केले. बॉक्स एका बाजूचा, तोही हातभर कापायचा, नवा पत्रा बसवायचा, टाचायचा आणि पुढे जायचं. प्रत्येक तुकड्यानंतर दार परत लावून पुन्हा पातं फिरवायचं. एकदा पुढच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात पातं अडकलं, जिथे आधी सहज जात होतं. मिस्त्रींनी तो टाका ग्राइंडरने सोडवला, अँगल हलकेच ताणला, परत टाका मारला. तेवढ्यासाठी अर्धा दिवस गेला आणि तो गेलाच पाहिजे होता. सगळं झाल्यावर खडूच्या खुणा जुन्या जागीच होत्या.

नवा पत्रा घडवताना जुन्या तुकड्याचे कागदी साचे घेतले. जिथे कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथे सलग वेल्ड न मारता भोकं पाडून ठिपक्या-ठिपक्यांनीच जोडलं. वर रंग बसल्यावर हे कोणाला दिसत नाही. पण पुढे कधी कोणी ही गाडी उघडली तर मूळ जोड कुठे होते ते त्याला कळेल. बॉक्सच्या आत मेणाचं गंजरोधक सोडलं आणि खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली. आपल्याकडे गाडीला खालून डांबर फासून ही भोकं बुजवायची सवय आहे; पाणी आतच राहतं आणि गंज आतून सुरू होतो. अनेक ॲम्बेसेडर याच कारणाने कुजल्या.

पुढच्या जाळीचा प्रश्न वेगळाच निघाला. गाडीवर जाळी मार्क फोरची होती, कधीतरी धडकेनंतर बसवलेली. मार्क टूची जाळी नागपुरात मिळाली नाही. शेवटी कलकत्त्याच्या मलिक बाजारातून, जुन्या पार्टच्या व्यापाऱ्यामार्फत, एक आली: एका कोपऱ्यात दबलेली, क्रोम उडालेलं. ती सरळ करून निकेल-क्रोम करून घेतली.

इंजिन

इंजिन जाम होतं. अशा वेळी सेल्फ मारणं किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये सोडणं हा गुन्हा आहे. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि जोर लावला की पिस्टन नाहीतर कनेक्टिंग रॉड जातो. चारही प्लग काढले, आत डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मिसळून सोडलं आणि दिवसचे दिवस तसंच राहू दिलं. अधूनमधून हँडल लावून हलक्या हाताने दोन्हीकडे डोलवायचं, बस. एका सकाळी ते बोटभर हललं. मग पुढे पूर्ण फिरलं.

हेड उघडल्यावर पिस्टनच्या डोक्यावर ०२० असा शिक्का. म्हणजे पूर्वी एकदा रिबोअर होऊन, सिलिंडर आतून कापून, ०.०२० इंच मोठे पिस्टन पडले होते. आबांना आठवलं, नागपूरला इंजिन नेलं होतं, लग्नसराई चुकली म्हणून वडील चिडले होते. सिलिंडर मोजले तर झीज मर्यादेत निघाली. मशीनवाला तीस (०.०३० इंच) करून द्यायला तयार होता, नवे पिस्टन, नवं काम. मी नको म्हटलं. हा ब्लॉक चाळीसपर्यंत जातो. आज विनाकारण तीस केलं तर पुढच्या माणसाला एकच संधी उरते. फक्त होनिंग (सिलिंडर आतून हलकं घासणं), नव्या रिंगा, नवे बेअरिंग. गाडी वर्षाकाठी फार चालणारच नाही, तिला एवढं पुरेसं आहे.

व्हाल्व्ह-सीटचा निर्णय जरा बारकाईने सांगतो, कारण जुन्या पेट्रोल गाडीवाले सगळे इथे अडतात. या इंजिनाचं हेड बिडाचं आहे आणि एक्झॉस्ट व्हाल्व्ह थेट त्याच बिडावर बसतात. जुन्या पेट्रोलमधलं शिसं या जागेला संरक्षण द्यायचं. आपल्या देशात २००० साली शिसं असलेलं पेट्रोल पूर्ण बंद झालं. उपाय म्हणून हेड मशीन करून कडक पोलादाच्या सीट बसवतात. उपाय चांगला आहे, पण मूळ हेडमधलं बीड कायमचं कापलं जातं. सीटची झीज होते ती मुख्यतः सतत जास्त वेगावर, जास्त भारावर. ताशी पन्नासच्या आत चालणाऱ्या गाडीत ती फार सावकाश होते, आणि ती कळते: सीट झिजली की व्हाल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हाल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली मोकळीक, कमी होते. म्हणून हेडला हात लावला नाही. टॅपेटची फट ठरावीक काळाने मोजून वहीत लिहायची असं ठरलं. फट वारंवार कमी होऊ लागली तर सीट बसवू, त्याआधी नाही.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र जुनं राखण्यात अर्थ नव्हता. आता पंपावर २०% इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतलं पाणी ओढतं. उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीत ते पाणी तळाशी बसून गंज धरतो. टाकी आतून साफ करून घेतली, सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण हलकं पडून इंजिन तापतं; कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा तुकडा) एक पायरी मोठा केला. मूळ जेट कापडी पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे.

त्यातून वैशाखातलं ऊन. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की बॉनेटखाली पेट्रोलची वाफ होते, पंपाला नुसती वाफ मिळते आणि गाडी रस्त्यात बंद. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे. ते आजही चालतं, पण आम्ही पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बोल्टने लावला. रेडिएटर तांब्या-पितळेचाच ठेवला; वर्ध्यात टाक्या सोडवून, नळ्यांत सळ्या घालून तो साफ करून घेतला. नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवा असं सुचवणारे भेटले. तांब्याच्या रेडिएटरला गळती लागली तर खेड्यातही डाग देता येतो, ॲल्युमिनियमला नाही. विदर्भात गाडी ठेवायची तर हा मुद्दा थंडाव्यापेक्षा मोठा आहे.

ब्रेकचं सगळं नवं: मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, नळ्या, लायनर. त्या काळच्या गाडीत ब्रेकची एकच लाइन असते. एका चाकाची नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. इथे काटकसर करायची नसते.

वायरिंगला मूळ कापडी वेष्टन होतं. उंदरांनी फारसं ठेवलं नव्हतं, म्हणून जुन्याच रंगांच्या वायरींनी नवी माळ बांधून घेतली, दिव्यांना लपलेले रिले आणि जास्तीचे फ्यूज दिले.

रंग आणि सीट

वरचा काळा रंग घासताना खाली एक पांढरा, त्याखाली प्राइमर. मूळ रंग कळेना. डॅशबोर्डचा खण काढल्यावर त्याच्यामागे आणि मागच्या नंबरप्लेटच्या खाली फिकट राखाडीत निळी झाक असलेला रंग सापडला, न बाटलेला. नातवाने तो पाहिला आणि पांढऱ्या मेटॅलिकचा आग्रह स्वतःहून सोडला. त्याच तुकड्यावरून रंग जुळवला. आजचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग वापरला, पण वर क्लिअर कोट न देता. १९६८ च्या गाडीला आरशासारखी झळाळी नव्हती आणि ती दिली की गाडी खोटी दिसते.

डिकीच्या आतला भाग आम्ही रंगवलाच नाही. खळग्याची भोकं तेवढी बंद केली. तिथे जुनाच रंग आहे, आणि त्यावर ओरखडे आहेत: मोटारपंपाचे पार्ट, फवारणीचे पंप, बियाण्यांच्या थैल्या नेल्याचे. मेणाचा हात फिरवून ते तसेच ठेवले. रंगवाल्याला हे पटलं नाही. मला मात्र संपूर्ण कामातली ही सर्वांत बरोबर गोष्ट वाटते. गाडी शेतकऱ्याच्या घरची आहे हे दुसऱ्या कुठल्याही जागेवरून कळत नाही.

सीटमध्ये फोम न घालता स्प्रिंगवर काथ्याच भरला. आर्वीच्या कुशनवाल्याला काथ्याचं काम येत होतं, पण कोणी मागत नाही म्हणून त्याने सोडलं होतं.

कागद

आरसी नातवाच्या पणजोबांच्या, म्हणजे आबांच्या वडिलांच्या नावावर. नंबर जुन्या पद्धतीचा, तीन अक्षरी. वर्ध्याच्या आजच्या एमएच-३२ च्या कितीतरी आधीचा. जुन्या पुस्तिकेवरची गाडी संगणकावर नसते, म्हणून आधी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत बॅकलॉग नोंद, मग मृत मालकाकडून वारसाकडे नाव चढवायचा फॉर्म ३१, मग फिटनेस आणि नूतनीकरण. वारसांच्या संमतिपत्रांना सर्वांत जास्त वेळ लागला. पणजोबांचे वारस अमरावतीपासून रायपूरपर्यंत पसरले होते.

नातवाला व्हिंटेज नोंदणी हवी होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली खासगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नव्या नंबरात व्हीए ही अक्षरं. आमची गाडी प्रत्येक अटीत बसत होती. पण अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच. रोजच्या वापराला मनाई. या घराला पोळ्याला आणि लग्नाकार्याला गाडी काढायची होती. म्हणून नेहमीचं, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणच केलं. जुना नंबर कायम राहिला.

अजून न सुटलेलं

एका बाबतीत कुटुंबाचं आणि माझं जमलं नाही. सीटबेल्ट. या गाडीत ते कधीच नव्हते आणि त्या काळच्या गाडीला कायद्याने लागतही नाहीत. बसवायचे तर खांबात आणि फ्लोअरमध्ये भोकं पाडून आतून पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात, म्हणजे उलटं न करता येणारं काम. माझीच चाचणी भाऊंनी माझ्यासमोर ठेवली. माझं म्हणणं असं की ती चाचणी लोखंडासाठी आहे. पुढच्या बाकावर तीन माणसं बसतात आणि समोर पोलादी डॅशबोर्ड आहे. सध्या ठरलंय ते एवढंच की लहान मुलं मागे बसतील आणि गाडी समृद्धी महामार्गावर जाणार नाही. मला हे पुरेसं वाटत नाही आणि मी ते दर भेटीत सांगतो.

बाकी गाडी कोठ्यातून निघून सिमेंटच्या ओट्यावर, टिनाच्या शेडमध्ये आली आहे. ढेपेची पोती दुसरीकडे गेली. दर पंधरवड्याला ती देऊरवाड्यापर्यंत जाऊन येते, म्हणजे पेट्रोल शिळं होत नाही आणि ब्रेकचे सिलिंडर चिकटत नाहीत. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत. टॅपेटची फट पहिल्या तपासणीत जशीच्या तशी निघाली. मागच्या पाट्यांचे बुश करकरतात. नवे मागवले आहेत, सोयाबीन निघाल्यावर मिस्त्री येऊन बसवतील.